उलटतपासणी

बाहेरून बोलावलेला परीक्षक दार ढकलून आत आला आणि भाऊंच्या हातातला पेला कलंडला. टेबलावर पाणीच पाणी झालं, पण पुसायचं कुणाला सुचलं नाही. आलेला माणूस उलटतपासणी होता.

हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करणारी मंडळी त्याला याच नावानं ओळखत. कुणी नवं काही मांडलं की हा उठायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्याच्या नाकी नऊ आणायचा. ढगवाल्या बाईंशी तर त्याचं हाडवैरच.

बाईंनी उभ्या आयुष्यात एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. अवकाशातले वायूचे अजस्र ढग खरं तर आपल्याच वजनानं भराभर कोसळायला हवेत आणि त्यांचे तारे व्हायला हवेत. प्रत्यक्षात थोडासाच वायू ताऱ्यांत जातो, तोही रमतगमत. मग बाकीच्याला सावरून धरतं कोण? बाई म्हणत, ढगाच्या पोटातली घुसळण. उलटतपासणी म्हणे, चुंबकत्व. बाईंचा लेख छापून आला की पाठोपाठ त्याचं खंडन ठरलेलं. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. आपला संसार तिघांचा आहे, तिसरा फक्त जेवायला येत नाही, असं ते पाहुण्यांना सांगत.

आज बाईंच्या विभागाचा निकाल लागायचा होता. ज्या संशोधनाचा प्रभाव दिसत नाही, ते गुंडाळायचं असं संस्थेनं ठरवलं होतं. विभाग सुरू झाला तेव्हापासून भाऊ बाईंचे सहकारी. ते बाईंच्या कानाशी वाकून पुटपुटले, "संपलं. आता आवराआवर करायला घ्यावी." बाई मात्र निवांत होत्या. त्यांनी हातरुमाल काढून सांडलेलं पाणी टिपलं.

निकाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष मूळचे रसायनशास्त्राचे. बोलणं मऊ, पण नेम अचूक. इतरांच्या लेखांत बाईंच्या कामाचे उल्लेख पुष्कळ दिसतात, हे त्यांनी मान्य केलं. पण त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गटाचे आहेत, आणि तेही बाईंना खोडून काढण्यासाठी केलेले. याला प्रभाव म्हणायचं का, असं त्यांनी परीक्षकालाच विचारलं.

उलटतपासणीनं चष्मा कपाळावर चढवला. भाऊंनी डोळे मिटून घेतले.

आधी त्यानं चुका काढल्या, आणि हात राखून नव्हे. बाईंची सुरुवातीची गणितं चुंबकत्व साफ विसरलेली होती. लहान ढगांबद्दलचा त्यांचा अंदाज टिकला नव्हता. अलीकडच्या लेखातला निष्कर्ष तर घाईचा होता. पहिल्या दोन गोष्टी बाईंनी तिथल्या तिथे कबूल केल्या. तिसरीला त्या उठून फळ्यापाशी गेल्या. उलटतपासणीही उठला. त्यांनी आकृती काढली, त्यानं तिचा कोपरा पुसला, त्यांनी तो पुन्हा काढला. दोघांच्या बाह्या खडूनं माखल्या. समोर समिती बसली आहे याचं भान दोघांनाही उरलं नाही. शेवटी अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं.

"तुमचा वाद चालू दे," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, यांच्या कामाचा प्रभाव कुठे दिसतो?"

उलटतपासणीनं हात झटकले. क्षणभर तो आकृतीकडे बघत राहिला.

"मी सूर्याचा अभ्यास करत होतो," तो म्हणाला. "ढगांशी माझा काही संबंध नव्हता. यांचा पहिला लेख वाचला आणि डोकंच फिरलं. म्हटलं, ही बाई चुकतेय, हे दाखवून परत सूर्याकडे जाऊ. परत गेलोच नाही. यांना खोटं ठरवायला आम्ही नवं उपकरण बांधलं. त्यात यांचं अर्धं खोटं ठरलं आणि माझंही अर्धं. घुसळणही लागते, चुंबकत्वही लागतं. आज माझ्या हाताखाली जेवढी माणसं आहेत, ती सगळी यांनी विचारलेल्या प्रश्नावर काम करतात. प्रभाव कुठे दिसतो म्हणता? तुमच्यासमोर उभा आहे."

अध्यक्षांनी इतरांकडे पाहिलं, मग तिघांना बाहेर थांबायला सांगितलं.

निर्णयाला फार वेळ लागला नाही. विभाग राहणार होता. दाराशीच थांबलेल्या भाऊंनी धावत येऊन ते सांगितलं आणि तसेच ते बाकीच्यांना सांगायला जिन्यावरून खाली गेले.

व्हरांड्यात दोघंच उरले. इतक्या वर्षांत वादाखेरीज ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते. उलटतपासणी बाहीवरचा खडू झाडत बसला.

"एक कळत नाही," तो अखेर म्हणाला. "तुमच्या कामाची परीक्षा घ्यायला मला बोलवावं, हे कुणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. "त्यांना माझं काम शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस हवा होता. मला एकच माहीत होता."