समोर बसू नये

"काकू, बरी होण्याची शक्यता फार कमी आहे," तरुण डॉक्टर म्हणाला.

"कमी म्हणू नकोस," सर म्हणाले. "आहे ते सांग."

अपघाताला तीन दिवस झाले होते. मुलगी पलीकडच्या खोलीत होती. इथे तिच्या आईच्या एका बाजूला सर बसले होते, दुसऱ्या बाजूला त्यांचा विद्यार्थी. अवयवदानाविषयी बोलताना घरच्यांच्या समोर बसू नये, शेजारी बसावं. अंगात पांढरा कोट नसावा. आधी मृत्यू सांगावा, तो पचू द्यावा, मगच मागावं. सरांचे हे नियम अख्ख्या रुग्णालयाला पाठ होते. आज बोलायचं काम मात्र त्यांनी विद्यार्थ्यावर सोपवलं होतं.

"काकू, ती गेली. मेंदूच्या चाचण्या दोनदा केल्या. दोन्ही वेळा तेच आलं."

"छाती हलतेय तिची. हात ऊन आहेत."

"ते मशीनमुळे. मशीन थांबलं की तेही थांबेल."

बाई सरांकडे वळल्या. "अहो, हेच शिकवलंत याला?"

"हेच," सर म्हणाले.

शांतता भरून काढायची नाही, हाही नियमच. तरुणाने मनात साठपर्यंत आकडे मोजले आणि मग मागितलं. मूत्रपिंडं, यकृत, हृदय, डोळे.

"नाही म्हणालात तरी चालेल," तो म्हणाला. "कुणी बोल लावणार नाही."

"साधा कंगवा कुणाला द्यायची नाही ती. आणि तू काळीज मागतोस!"

सर हसले, आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागले.

"कुणाला लावणार?" बाईंनी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. पण एक नववीतली मुलगी—"

"ते नको," सर मध्येच म्हणाले. "भार टाकू नकोस."

तरुण ओशाळला. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. गुंडाळून सोडलं, परत गुंडाळलं.

"कंगवा नाही द्यायची," शेवटी त्या म्हणाल्या, "पण रक्त द्यायला सगळ्यांच्या आधी पळायची. घ्या. डोळे तेवढे राहू द्या."

"राहतील, काकू."

बाईंनी सही केली आणि कागद शेजारी सरकवला. सरांनी पेन घेतलं आणि बाईंच्या सहीखाली, वडिलांच्या रकान्यात, सही केली.