दाढ आणि श्रुतलेखन

डॉक्टर पंकजाला बेलापूरच्या शाळेत बाराखडी मीच शिकवली. आता श्रीरामपुरात तिचा दातांचा दवाखाना आहे, आणि काल माझ्या दाढेचं रूट कॅनॉल करताना तिने मला तीनदा दटावलं.

"बाई, बोलू नका. सुई दाढेत आहे."

मी बोलणार कशी? अर्धा जबडा बधिर, तोंडावर रबर ताणलेलं. मी हातानेच नाही म्हटलं.

"वर्गात आम्हाला गप्प बसवायचात, आणि आता?" दुसऱ्यांदा ती हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. "स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं सांगताय. पुरे आता, बाई."

मी संतापले. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही मुलाला त्याने न केलेल्या चुकीबद्दल रागावले नाही.

काम संपताच मी तडक बाहेर आले. गोळ्या लिहून द्यायला पंकजाही मागोमाग आली आणि तिने दार ओढून घेतलं. आत कोणी उरलं नाही.

बाकावर माझी नात ज्ञानेश्वरी वहीत लिहीत होती. दोन पानं भरली होती.

"काय गं हे?" मी जड जिभेने विचारलं.

"श्रुतलेखन. तूच तर आतून सांगत होतीस."

"मी एक शब्दही काढला नाही," म्हणत मी रागाने वही मिटली.

पंकजाचं पेन कागदावर थांबलं. ती बंद दाराकडे बघत होती.

ज्ञानेश्वरीने माझ्या हातातून वही सोडवून घेतली.

"गप ना, आजी. तू आतून अजून सांगतेयस. माझा शब्द राहील."

आणि ती लिहू लागली.