संत बार्तोलोमेओची कातडी

मागे बांधलेल्या हातांना दोर लावून त्याला तिसऱ्यांदा वर ओढून खाली सोडलं, तेव्हा वान्नीचे दोन्ही खांदे निखळले आणि त्याने खून कबूल केला.

चित्रकार साल्वीचं प्रेत वान्नीच्याच, कातडी भिजवायच्या चुन्याच्या हौदात सापडलं होतं. चुन्याने सगळं पांढरं, लिबलिबीत करून टाकलं होतं, तरी अंगावर कातडी नाही एवढं कळत होतं. सोलणं हे कातडी कमावणाऱ्याचंच काम, असं न्यायाधीश म्हणाले. फाशी उद्या होती.

वान्नीचा बाप बिंदो हा कातडी कमावणाऱ्यांच्या संघाचा मुख्य. तुरुंगातून तो थेट संघाच्या चर्चमध्ये आला. चर्च संघानेच बांधलेलं. दारावरच्या दगडी देवदूतांच्या हातातसुद्धा कातडी खरवडायच्या राप्या होत्या. आत वेदीमागच्या भिंतीवर साल्वीचं अर्धवट राहिलेलं चित्र त्याचा धाकटा भाऊ नेरी याने नुकतंच पुरं केलं होतं. जिवंत सोलला जाणारा संत बार्तोलोमेओ, संघाचा रक्षक.

बिंदो नेरीच्या पायाशी बसला.

"बाळा, माझ्या पोरानं हे केलेलं नाही. पण केलंय असं धर. मेलेल्याच्या भावानं माफी दिली तर फाशी टळते. तू एक शब्द टाक."

नेरीचे डोळे भरून आले. "उठा, बिंदोकाका. वान्नीला लटकवून माझा भाऊ परत येणार आहे का? चित्र बघून घ्या, मग तुमच्याबरोबर येतो मी न्यायाधीशांकडे."

बिंदोने त्याचे हात हातात घेतले आणि रडला.

संघाची चार माणसं मागे उभी होती. त्यांतल्या चेकोच्या जिभेला हाड नव्हतं. "मऊ काळजाचं पोर हो! डुक्कर कापायची वेळ आली की हा झाडामागे. साल्वी म्हणायचा, याचे संत म्हणजे भुसा भरलेल्या बाहुल्या."

"आता म्हणून दाखव," नेरी म्हणाला आणि त्याने भिंतीवरचा पडदा ओढला.

संताची कातडी खांद्यापासून फाटक्या बाहीसारखी लोंबत होती. त्याने स्वतःचीच जीभ चावली होती. एकाने छातीवर क्रूसाची खूण केली, दुसरा बाहेर जाऊन ओकला.

"मेल्या," चेको पुटपुटला, "याला तर खरंच दुखतंय."

संघाने पसंत केल्याशिवाय मचाण उतरवायचं नाही, असा रिवाज होता. बिंदो डोळे पुसत वर चढला आणि भिंतीला नाक लावून पाहू लागला.

"सुरेख. तुझ्या भावालाही जमलं नसतं. फक्त इथे चुकलास. कातडीच्या आतली चरबी पिवळी केलीस."

"पिवळीच आहे ती."

"अरे, आयुष्यभर चरबीच खरवडतोय मी. वासरू घे, बोकड घे, मेंढी घे. पांढरी असते."

"केशरात लोळवलंय वाटतं संताला!" चेको म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे हसले. बिंदोही हसला.

"एवढा भाग नव्याने कर, बाळा. कातडी कमावणाऱ्यांच्या चर्चमध्ये कातडीच चुकलेली? गाव तोंडात शेण घालेल."

ओल्या गिलाव्यावरचा रंग एकदा वाळला की पुसता येत नाही, गिलावाच फोडावा लागतो. चेको छिन्नी-हातोडा घेऊन वर आला.

"नको," नेरी म्हणाला. "हात लावू नकोस."

"बाजूला हो. पांढरा लाव, झालं."

पहिल्याच घावाला संताच्या खांद्याचा टवका उडाला. नेरी किंचाळला. त्याने हातोडा हिसकावून चेकोच्या जबड्यावर हाणला. चेकोचे दात मचाणाच्या फळ्यांवर सांडले. तिघांनी झडप घालून नेरीला खाली दाबलं, तरी तो भिंतीकडे मान वळवून ओरडतच होता.

"अडाण्यांनो, जनावराची असेल पांढरी! माणसाची पिवळी असते, लोण्यासारखी! बोटांना चिकटते, आणि कितीही धुतली तरी सुटत नाही!"