गुण्या लावून पाहिला

तिसऱ्यांदा रंधा फिरला आणि तिसऱ्यांदा दाराच्या कडेला, अगदी शेवटच्या बोटभर जागेत, खड्डा पडला. सुतारमिस्त्रींनी मशीन बंद केलं, वायर काढली आणि खड्ड्याकडे न बघता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

“हात गेला, साहेब,” ते म्हणाले. “महिन्याभरातलं हे चौथं दार. तुमचं झालं की काम बंद. जावई म्हणतोच आहे, दुकानात येऊन बसा, फोन उचला.”

बाथरूमचं दार बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं. साहेब त्याचं दुसरं टोक धरून उभे होते. साहेब म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. “मशीनच बिघडलेलं नसेल ना?” त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“छे हो. मशीन एक नंबर आहे. वाचून घेतलंय.” मिस्त्रींनी खिशातून मोबाइल काढला, त्यावरचा भुसा फुंकला. “दीडशे जणांनी लिहिलंय. त्यातले निम्मे वेडेच. एकाने एकच तारा दिलाय, का, तर सोबत लाकूड आलं नाही. एका बाईंनी पाच दिलेत, रंग पडद्यांना शोभतो म्हणून. एकाने लिहिलं होतं, ‘शेवटाला चावतो, घेऊ नका’. पण त्याचं शुद्धलेखन इतकं वाईट की मी मनावरच घेतलं नाही. आणि हे बघा, हे ‘जुना कारागीर’. मी ह्या माणसाच्या शब्दावर घेतलंय.”

दार किंचित हललं. साहेबांनी ते पुन्हा धरलं.

मिस्त्री एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागले. “‘तळ आरशासारखा सपाट, गुण्या लावून पाहिला. लाकडावरून असा जातो, जणू दुधावरची साय काढावी. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ह्यावर काम बिघडलं तर दोष यंत्राचा नव्हे, हाताचा.’ बघा. त्यांनी गुण्या लावून पाहिलाय, मग मी परत कशाला लावू? आणि स्वल्पविराम कुठे दिलाय बघा. हातात हत्यार धरलेला माणूसच असं तोलून लिहितो.”

जुना कारागीर दाराच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. चाळीस वर्षांचा अनुभव खरा होता, फक्त तो आवक-जावक विभागातला होता. ‘गुण्या’ हा सुताराच्या काटकोनाचा शब्द साहेबांना दुसऱ्या कोणाच्या तरी रिव्ह्यूत सापडला होता आणि फार आवडला होता. शेवटचं वाक्य जमलं तेव्हा त्यांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. दोनदा.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. मिस्त्रींचं वाचून होईपर्यंत तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, शिडी मी धरते.”

शिडीचा विषय कोणी काढला नव्हता.

साहेब माळ्यावरून खोका घेऊन उतरले. उतरता उतरता त्यांनी मनात दोन वाक्यं जुळवली होती, दोन्ही नेटकी. खाली आल्यावर एकही तोंडातून फुटेना. “तेच मशीन आहे,” एवढंच ते म्हणाले. “शेजारी ठेवून बघा.”

मिस्त्रींनी पटाशीने खोक्यावरची कंपनीची टेप कापली, मशीन काढलं, उताणं ठेवलं. “पिशवीतला गुण्या द्या जरा.”

साहेब पिशवीत वाकले. करवत ओळखू आली. हातोडा ओळखू आला. उरलेल्यांपैकी त्यांना जी वस्तू सर्वांत खात्रीची वाटली ती त्यांनी पुढे केली.

“ही कानस,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि गुण्या स्वतःच काढून घेतला.

मशीनची कापायची खोली शून्यावर आणून त्यांनी गुण्याची पोलादी कड तळावर उभी धरली आणि एक डोळा मिटून खिडकीच्या दिशेने पाहिलं. कडेखालून उजेडाची रेघ येत होती. मग त्यांनी स्वतःचं मशीन उताणं केलं. त्यातही तीच रेघ, त्याच जागी.

“दोन्ही,” ते म्हणाले. “तळच वाकडा. जन्मापासून.” उजव्या हाताची मूठ त्यांनी दोनदा उघडली, दोनदा मिटली आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसले. “म्हणजे हात शाबूत आहे माझा. जावयाला म्हणावं, बस तूच फोन उचलत.”

हसता हसता त्यांची नजर नुकत्याच कापलेल्या टेपवर गेली.

“साहेब, हे तुम्ही घेतलं कधी?”

“घेतलं नाही. कंपन्या पाठवतात.”

“कशाला?”

साहेबांनी दाराची कड दोन्ही हातांनी धरली. “लिहायला.”

मिस्त्रींनी टेपकडे पाहिलं, मग बाजूला पडलेल्या कानशीकडे. साहेबांकडे पाहिलं नाही. बायको आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी मघाशीच घासून झाली होती.

मिस्त्रींनी दोन्ही मशीनं खाली जमिनीवर ठेवली. पिशवीच्या तळातून हातरंधा काढला, पातं दोन ठोक्यांत बसवलं, अंगठ्याने चाचपलं.

“घट्ट धरा,” ते म्हणाले.

साहेबांनी धरलं. रंधा निघाला. लाकडाची सळसळती पट्टी न तुटता वर आली, वळली, साहेबांच्या पायावर पडली. पुन्हा रंधा निघाला, पुन्हा पट्टी पडली. साहेब पाय हलवत नव्हते. आठ-दहा हात मारल्यावर खड्ड्याची जागा शोधूनही सापडेना.

मिस्त्रींनी कडेवरून तळहात फिरवला, भुसा झटकला.

“लिहिता मात्र छान,” ते मान वर न करता म्हणाले.