दोन फोनवाली

साडेदहाला कॉम्प्युटरवाल्याने शेवटचं बटण दाबलं, खुर्ची मागे लोटली आणि म्हणाला, "ताई, सुटलात तुम्ही. आता हे दोन्ही फोन कपाटात ठेवून द्या."

ताईने फोन ठेवले नाहीत. गोदामाच्या त्या काचेच्या खोलीत ती दोन वर्षं दोन फोन घेऊन बसत होती. ड्रायव्हर एका अ‍ॅपवर, हमाल दुसऱ्यावर. ड्रायव्हरांचा म्होरक्या तिचा नवरा, हमालांचा मुकादम तिचा धाकटा भाऊ, आणि दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकाने जे अ‍ॅप धरलं, ते दुसऱ्याने फोनमधून काढून टाकलं होतं. त्यामुळे गाडी कुठल्या दाराला लावायची, माल कधी उतरवायचा, हे सगळं ताई या फोनवर वाचायची आणि त्या फोनवर लिहायची.

"आता आपोआप जाईल," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "दोन्ही अ‍ॅप जोडलीत. तिकडं लिहिलं की जसंच्या तसं इकडं. शब्दाचा फरक नाही. सगळ्यांना तसं कळवलंय."

"तेच नको आहे. बंद करा ते."

"अहो, पण का?"

काय सांगणार कपाळ? नवऱ्याने लिहावं, 'त्या रेड्यांना सांग, काच फुटली तर तंगड्या तोडीन.' ताईने पुढे लिहावं, 'काचेचा माल आहे, जरा जपून.' इथवर ठीक होतं. पण गोड खोट्याची एकदा चटक लागली की हात आवरत नाही. मागच्या महिन्यात भावाचा पोरगा तापाने फणफणला, तेव्हा दवाखान्यात न्यायला तिने स्वतः गाडी बोलावली आणि भावाला कळवलं, 'दाजींनी पाठवलीय.' दाजींना त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. भाऊ मात्र विरघळला होता.

तेवढ्यात दोन्ही फोन एकदमच वाजले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

भावाने लिहिलं होतं, सगळ्या हमालांच्या आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत. 'दाजी, आता सरळ बोलता येतंय, म्हणून पहिला निरोप तुम्हालाच. पोरासाठी गाडी पाठवलीत, जन्मात विसरणार नाही. झालं गेलं सोडा. रविवारी जेवायला घरी या.'

ताईने नवऱ्याला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. मग त्याचं उत्तर आलं.

'कोण दाजी? कुठली गाडी? तुझं पोर मेलं असतं तरी मी गाडी दिली नसती. भीक मागायची तर दुसऱ्या दारात माग.'

त्या निरोपाखाली ड्रायव्हरांचे हसरे इमोजी पटापट उमटत गेले.

काचेतून माल उतरवायचा ओटा दिसत होता. हमालांनी पोती खाली टाकली होती आणि सगळे फोनमध्ये बघत होते. मग एकेकाने मान वर करून मुकादमाकडे बघितलं. भावाने कुणाकडेच बघितलं नाही. पोती ओढायचा लोखंडी हूक त्याच्या खांद्यावर होता, तो त्याने हातात घेतला.

ताई धावत सुटली. "अरे थांब! गाडी मी पाठवली होती! मी!"

भावाने ओट्यावरून थेट खाली उडी घेतली. नवरा ट्रकच्या केबिनमधून उतरत होता आणि चाक खोलायची टॉमी त्याच्या हातात होती, म्हणजे तोही काही रिकामा येत नव्हता. पहिला घाव भावाचा. तोंड वाचवायला नवऱ्याने डावा हात पुढे केला आणि हूक तळहातातून आरपार गेला. उजव्या हाताने त्याने टॉमी भावाच्या जबड्यावर घातली. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. भाऊ कोसळला, पण हूकची मूठ काही त्याने सोडली नाही, त्यामुळे नवराही त्याच्याबरोबर खाली ओढला गेला.

मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. फळ्या, साखळ्या, हाताला लागेल ते. एकाचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं जात होतं, आणि आपटणारा थांबायला तयार नव्हता. ताई मध्ये शिरली. कुणाचा तरी बूट तिच्या तोंडावर बसला. तिचे दोन्ही फोन हातातून उडाले आणि ओट्याखाली पडून थरथरत राहिले. शिव्या इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकही शब्द न गाळता पोचत होत्या.

पोलिसांचा भोंगा ऐकू आला तेव्हा कुठे हात थांबले. ट्रकच्या चाकाला टेकून तिघं बसले होते, मध्ये ताई. भावाचा जबडा लोंबत होता. हूक अजून नवऱ्याच्या तळहातातच होता. तो ओढायची कुणाची छाती झाली नव्हती.

भावाने दाजींकडे डोळे वटारले आणि तो काहीतरी बोलला. शब्द कसले, रक्ताचे बुडबुडेच फुटले. पण ताईने त्याला कडेवर वाढवलं होतं. तिला एकन् एक शब्द कळला, आणि तो कुणाच्याही कानावर जाऊ नये असाच होता.

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

ताईने ओठावरचं रक्त पुसलं. "हात फार दुखतोय का, विचारतोय."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हातभर अंतरावर बसलेल्या मेव्हण्याच्या मोडक्या जबड्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली.

"नाही दुखत म्हणावं," तो म्हणाला. "सांग त्याला."