अंथरुणाशी

द्वारकाबाई, त्यांची सून गोदावरीबाई आणि गोदावरीबाईंची सून भागीरथीबाई, या तिघींच्या मांडीवर एकाच वंशाची मांजरे वाढली. भागीरथीबाईंच्या सुनेची, ऐंशी वर्षांच्या कमलिनीबाईंची मनी आज जांभळ्या दिव्याखाली बसली होती आणि तिचे कान बुरशीने हिरवे चमकत होते.

मांजरांच्या या बुरशीवर आता कोणतेच औषध चालत नव्हते. माणसाच्या कातडीवर ती रुजली की वर्षभरात फुप्फुसापर्यंत पोचे. दिवा धरून उभा असलेला सरकारी तपासनीस कमलिनीबाईंचाच मुलगा होता, श्रीरंग.

"आई, मांजर एकटे असेल तर त्याला मरणाची सुई देतात. उघड्या हाताने कोणी शिवले असेल, तर दोघांनाही काचघरात ठेवतात, कायमचे."

"नियम मला वाचता येतात," असे म्हणून त्यांनी हातमोजा काढला.

"अगं, काय करतेस!"

"ओरडू नकोस, ती भिते." त्यांनी मनीला उचलून गालाशी धरले. "प्लेगात द्वारकाबाईंना माळावरच्या झोपडीत टाकून सारे घर पळाले. हिच्या वंशातल्या मांजरीने तेवढे त्यांचे अंथरूण सोडले नाही."

श्रीरंग सवयीने आईच्या पायांशी वाकला आणि वीतभर अंतरावरच थांबला.

तीन आठवड्यांनी मनी गेली, तेव्हा कमलिनीबाई तिच्या अंथरुणाशीच बसलेल्या होत्या. चार पिढ्यांचे ऋण पुरते फिटले होते. श्रीरंग काचेबाहेर उभा होता.