गणराजदादाचं पुस्तक

पनवेलची एसटी श्रीवर्धनच्या स्टँडात शिरली, तेव्हा गणराज छातीशी पुस्तक धरून सगळ्यांच्या पुढे उभा होता. वय वर्षं सात. आज त्याची बहीण पहिल्यांदा येणार होती आणि तिला सांभाळायचं काम त्याने परस्पर स्वतःकडे घेतलं होतं.

पुस्तक त्यानेच केलेलं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, मधोमध सुतळी. आईबाप नेपाळहून इथल्या सुपारीच्या वाडीत राखणीला आले, तेव्हा पाच वर्षांची सृजना आजीकडे राहिली. गणराज इथलाच, ऐन गणपतीत झालेला. नाव शेजारच्या सोनूबाईने ठेवलं. सृजनाला मराठी येत नव्हतं. नेपाळीची अक्षरंही हीच, त्यामुळे तिला वाचता सगळं आलं असतं आणि कळलं काहीच नसतं. म्हणून नुसती चित्रं.

पहिल्या पानावर एसटी, आणि एका उंच मुलाच्या पाया पडणारी लाल फ्रॉकमधली छोटी मुलगी. दुसऱ्यावर सोनूबाईचा कुत्रा. मुलगी मुलाच्या पाठीमागे. तिसऱ्यावर समुद्र, मुलगा गुडघाभर पाण्यात, मुलगी वाळूत. चौथ्यावर शाळा; मुलगी मुलाचं बोट धरून. शेवटच्या पानावर घर आणि त्यापुढे चौघं. आजवर तो तिघंच काढायचा, त्यामुळे चौथ्या माणसासाठी घर थोडं वाढवावं लागलं होतं.

यात खोटं काही नव्हतं. घरात सृजनाचा एकच फोटो होता, पाच वर्षांची असतानाचा, लाल फ्रॉकमधला. आजीच्या डोंगरात रेंज यायची ती आवाजापुरती. दर वाढदिवसाला गणराज फोटोशेजारी उभा राही. सहाव्या वाढदिवसाला त्याने तिला मागे टाकलं.

"आता मी दादा," त्याने जाहीर केलं. आई हसली, बाप दलबहादूरही हसला. हसण्याच्या नादात दुरुस्ती राहून गेली.

एसटीतून मामा उतरला. मामाच्या मागून दोन वेण्यांची एक उंच मुलगी उतरली, खांद्यावर बोचकं. गणराज तिच्या मागे बघत राहिला. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

"बाबा, बारकी गाडीतच राहिली!"

बाबा उत्तर द्यायला मोकळा नव्हता. दलबहादूरने भर स्टँडात त्या उंच मुलीच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. त्यांच्याकडे बाप लेकीच्या पाया पडतो.

"काय रे बहादूर, उलटं करतोस!" वडापाववाला ओरडला.

"आमच्यात हेच सुलटं," दलबहादूर मान वर न करता म्हणाला. आवाज ओला होता.

मग आई वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. उठल्यावर तिने गणराजला पुढे ढकललं. "पाया पड. दिदी आहे तुझी."

घरात सगळे नेपाळीच बोलत. गणराज मात्र भांडताना मराठीवर यायचा.

"ही न्हाय ती. हिचं चित्रच न्हाय माझ्याकडं!" त्याने पुस्तक पाठीमागे लपवलं.

मुलीने बोचकं खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "फोनवर कबूल केलं होतंस. पुस्तक दे माझं."

आवाज फोनमधलाच होता. गणराजने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढ्या आवाजाला एवढी उंची लागते, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने पुस्तक दिलं, पण बघायला थांबला नाही. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला.

सृजनाने एकेक पान सावकाश उलटलं. पहिल्या पानावरचा लाल फ्रॉक तिने बोटाने चाचपला. मामा मान वाकवून बघायला आला आणि खो-खो हसणार, एवढ्यात तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हसू खोकल्यात घातलं. शेवटच्या पानाशी ती सगळ्यात जास्त थांबली. चौघं मोजली. पुन्हा मोजली.

"हा कुत्रा कुठे असतो?" तिने विचारलं.

"वाडीच्या वळणावर," गणराज तिकडेच तोंड करून म्हणाला. "तू भिऊ नकोस. मी आहे." हे वाक्य महिनाभर पाठ केलेलं होतं, ते आपलं निघून गेलं.

पाया पडणं राहिलंच, दोन्ही बाजूंनी. बोचकं घेऊन मोठी माणसं पुढे गेली, ही दोघं मागे. वळणावर कुत्रा भुंकायला लागला. सृजनाने पुस्तक काखेत मारलं, गणराजचं बोट धरलं, आणि गुडघ्यांत वाकत वाकत इतकी खाली आली की तिचं डोकं त्याच्या खांद्याखाली गेलं. तशीच ती त्याच्यामागून तुरुतुरु चालू लागली.

सोनूबाई ओटीवर सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"अरे गणराज, पोरीच्या पायाला काय झालं रे?"

"काय न्हाय, आज्जी," गणराज पावलं आखडती घेत म्हणाला. "बारकी हाय अजून."